कळसचा मुक्काम

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांस उंच शिखरें, जुने किल्ले, निदान एखादा समुद्रकिनारा तरी अपेक्षित असतो. मी ज्या गांवाविषयीं लिहिणार आहें तेथें यांपैकीं कांहींच नाहीं. पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांतील कळस हें तें गांव. बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता त्याच्या दक्षिणेस राहतो आणि पुणें-सोलापूर महामार्ग उत्तरेस. दोन्ही रस्त्यांवर रात्रंदिवस वाहनांची रीघ लागलेली असते. पण तीं वाहनें कळसास वगळून जातात. मीहि कित्येक वर्षें तसाच गेलों. तेथें जो मुक्काम घडला तो ठरवून घडला नाहीं, आणि तो घडला नसता तर हा लेख लिहावयास मी उरलों असतों कीं नाहीं, हें मला खात्रीनें सांगतां येत नाहीं.

हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. दक्षिणेच्या अंगास नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला आणि त्याच्या कांठची जमीन उंसानें हिरवी झाली. पुढें त्याच उंसाच्या बळावर वालचंदनगर आणि भवानीनगर येथील साखर कारखाने उभे राहिले. उत्तरेच्या अंगास भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूस, हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. या दोन पाण्यांच्या मधला जो माळाचा पट्टा, त्यांत कळस आहे. उघडें आभाळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी, दूरवर सरकणारा एखादा मेंढरांचा कळप, असें तेथलें एकंदर रूप. तालुक्यांतील कडबनवाडीच्या गवताळ रानांत चिंकारा हरणें अद्यापि दिसतात, आणि रुईच्या बाबीरबुवाच्या यात्रेला दिवाळींत धनगर मंडळी लांबून लोटतात. अशा गांवीं आमच्या आत्यांचें सासर. त्यांचें वय आतां ब्यायशीं. मुलें परगांवीं, पण आत्या आपलें घर आणि तुळशीवृंदावन सोडून कोठें जावयास तयार नाहींत.

गेल्या मार्गशीर्षांत आत्यांना तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर अशीं तीन दर्शनें घडवावीं असें आम्हां भावांच्या मनांत आलें. आत्या त्या वेळीं पुण्यास आमच्याकडे होत्या. मी, पत्नी, धाकटा बंधु, भावजय आणि आत्या अशीं पांच माणसें. सात आसनांची एक मोटार चालकासह भाड्यानें ठरविली. प्रवासाचा आराखडा मीं केला होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. पहांटे तीनला पुणें सोडावयाचें. तुळजाभवानी, स्वामी समर्थ आणि विठोबा अशीं तिन्ही दर्शनें दिवेलागणीपर्यंत उरकावयाचीं. रात्रीं आत्यांना कळसास पोंचवून मध्यरात्र उलटतां उलटतां घरीं परतावयाचें. एकूण पल्ला ६०० किलोमीटरांहून अधिक. दोन दिवस केले असते तर दुसऱ्या दिवसाचें भाडें आणि चालकाचा रात्रीचा भत्ता पडला असता. तो मीं वांचविला होता. एका दिवसांत तीन देव, हें मीं चार जणांना मोठ्या ऐटीनें सांगितलेंहि होतें.

दर्शनें उत्तम झालीं. पंढरपूर सोडावयास मात्र नऊ वाजले. अकलूज, सराटी मागें टाकून इंदापूर आलें, बारामतीचा रस्ता लागला. साखर कारखान्यांचे दिवस असल्यामुळें उंसानें लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यानें जात होत्या. एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन, आणि कित्येकींच्या पाठीमागें दिवा तर नाहींच, पण चकाकणारी पट्टीहि नाहीं. मोठा रस्ता सोडून आम्ही कळसकडे आडवाटेनें वळलों. आमचीं माणसें पेंगुळलीं होतीं. मीहि डोळे मिटले होते. आत्या तेवढ्या जाग्या होत्या, कारण त्यांचें गांव जवळ आलें होतें.

एकाएकीं त्या मोठ्यानें ओरडल्या, "अरे बाबा, समोर बघ!" गाडी गचकन् हेलपाटली, उजवीकडे गेली आणि पुनः रस्त्यावर येऊन थांबली. डोळे उघडून पाहतों तों आमच्या डाव्या हातास, हाताच्या अंतरावर म्हटलें तरी चालेल, उंसाची एक काळी भिंत संथपणें पुढें सरकत होती. त्या ट्रॉलीवाल्याला मागें काय घडलें याचा पत्ताहि नव्हता. कोणाला खरचटलेंसुद्धां नाहीं. आमचा चालक, पंचविशी-तिशीचा एक मुलगा, दोन्ही हात चक्रावर ठेवून तसाच बसून होता. "डुलकी नाहीं साहेब, दिवे डोळ्यांवर आले," असें तो म्हणाला. समोरून एकहि गाडी आली नव्हती.

आत्यांचें घर येईपर्यंत कोणी बोललें नाहीं. घरांत शिरल्यावर आत्यांनीं चूल पेटविण्यापूर्वीं त्याला ओटीवर बसविलें आणि विचारलें, "बाबा, खरें सांग. काल निजलास केव्हां?"

"काल मुंबईच्या विमानतळावर पाहुणे सोडून यायला बारा वाजले, आजी. जेवलों, पडलों. दोनला उठलों. तीनला यांच्या दारांत हजर."

आत्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं घड्याळाकडे पाहिलें. अकरा वाजून गेले होते. दोन तासांच्या झोंपेवर त्या मुलाचे एकवीस तास झाले होते, आणि माझ्या आराखड्याप्रमाणें अजून पुणें गांठावयाचें बाकी होतें.

"गाडी आज इथून हलायची नाहीं," आत्या म्हणाल्या.

"आत्या, उद्यां मला कोर्ट आहे," बंधूनें सांगून पाहिलें. तो वकील आहे.

"कोर्ट उद्यांहि आहे, परवांहि आहे. तूं असलास म्हणजे झालें."

पिठलें-भाकरी झाली. मग झोंपण्याचा प्रश्न आला तेव्हां मीं सहज म्हणालों, "तो गाडींत झोपेल; त्यांना संवय असते." तें वाक्य मीं आजवर किती वेळां उच्चारलें असेल कोण जाणे! आत्यांनीं कपाटांतून धुतलेली चादर काढीत उत्तर दिलें, "त्याला घरांत गादी घालते. गाडींत कोणी निजायचेंच असेल तर तूं नीज. तुला उद्यां गाडी हांकायची नाहीं." त्या रात्रीं तो माजघरांत गादीवर निजला आणि सकाळीं नऊ वाजेपर्यंत त्यानें कूसहि बदलली नाहीं.

मला मात्र झोंप लागली नाहीं. अंधारांत आत्यांचा आवाज आला, "तुझे काका बारामतीच्या बाजाराहून रात्रीबेरात्रीं यायचे. गाडींत खुशाल निजून यायचे. बैल दाराशीं येऊन उभे राहायचे, घुंगरांच्या आवाजानें मी उठायची. त्या गाडीला माणसाचे डोळे मिटले तरी बैलांचे उघडे होते. तुमच्या गाडीला दिवे पुष्कळ. पण डोळे दोनच, आणि ते त्या पोराचे."

मोटारीच्या युगांतील सगळी अडचण आत्यांनीं त्या चार वाक्यांत सांगून टाकली होती. निद्रेचा अभ्यास करणाऱ्यांचें म्हणणें याहून निराळें नाहीं. अतिशय थकलेल्या माणसाचा मेंदू कांहीं सेकंदांपुरता आपण होऊन मिटतो, आणि पुष्कळदां त्या माणसाला आपण निजलों होतों हें ठाऊकहि नसतें. ताशीं ८० किलोमीटरांच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर तोडते; चार सेकंदांची ती क्षणनिद्रा म्हणजे जवळजवळ ९० मीटर रस्ता कोणी न हांकतां गेला असें समजावें. मध्यरात्रीनंतर पहांटेपर्यंतचा काळ यासाठीं सर्वांत वाईट. दुपारीं जेवणानंतरचे दोन तास त्याच्या खालोखाल. ऑस्ट्रेलियांतील डॉसन आणि रीड या संशोधकांनीं १९९७ सालीं दाखविलें कीं सलग सतरा तास जागलेल्या माणसाचें काम हें रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाच्या कामाइतकें बिघडतें. आपल्या देशांत कायद्याची मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे मद्याच्या थेंबाला न शिवलेला तो सज्जन मुलगा त्या रात्रीं मद्यप्यासारखा गाडी चालवीत होता, आणि ती अवस्था त्याला आणली होती मीं. दारू पिऊन आलेल्या चालकाला आम्हीं दारांतून परत धाडलें असतें. झोंपेविना आलेल्याला आम्हीं, "वेळेवर आलास हो," म्हणून शाबासकी दिली होती.

पहांटे उठून बाहेर पडलों. थंडी मनस्वी होती. माळावर धुकें नव्हतें. उजाडतांना देवळाचा कळस आधीं दिसूं लागला, मग झाडें, मग घरें. उंसाची एक बैलगाडी कारखान्याच्या दिशेनें निघाली होती. तिचा गाडीवान डोक्यावरून घोंगडी घेऊन मोळ्यांवर बसल्या बसल्या डुलत होता, आणि बैल आपल्या मतीनें चालले होते. आत्यांचें वाक्य माझ्यापुढून चालत गेलें. मात्र त्या गाडीलाहि आतां निर्धास्त निजण्यासारखा काळ राहिलेला नाहीं. बैलांना वाट ठाऊक असते. मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाची झोंप त्यांना ठाऊक नसते.

चहाच्या वेळीं मीं बंधूला विचारलें, "या बाबतींत कायदा कांहींच नाहीं काय?" तो किंचित् ओशाळला, कारण कायदा होता, आणि त्याला तो पाठ होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतच भाड्याच्या वाहनांच्या चालकांसाठीं पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसावा सांगितलेला होता. त्याच वर्षीं जिनीव्हास आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें रस्त्यावरील वाहतुकीच्या कामाच्या तासांविषयीं स्वतंत्र करार संमत केला होता. पुढें १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीच्या गर्दींत ती फार तर १० आणि ५४ पर्यंत वाढवितां येई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानें चालकांचे तास १९६१ च्या कायद्याशीं बांधले. १९६१ चा तो कायदा आतां व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति यांच्या २०२० च्या संहितेंत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. आठ तासांचा दंडक तिनेंहि ठेविला आहे.

"मग या मुलाचे तास कोणीं मोजले?" मीं विचारलें.

"कोणीं नाहीं," बंधु म्हणाला. "१९६१ चा कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठीं होता. ज्याची एक गाडी आणि तीच पोटाची भाकरी, त्याच्याकडे हजेरीपट कोठला? काल मुंबईच्या पाहुण्यांनीं त्यांचे तास मोजले, आज आपण आपले. दोहोंची बेरीज कोणींच केली नाहीं."

यूरोपांत ही बेरीज माणसाच्या स्मरणावर सोडलेली नाहीं. तेथील २००६ च्या नियमांप्रमाणें मालवाहू व प्रवासी अवजड वाहनांच्या चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटें थांबावेंच लागतें, एका दिवसांत सामान्यतः ९ तासांहून अधिक हांकतां येत नाहीं, आणि गाडींतच बसविलेलें एक यंत्र त्याचे तास नोंदवीत असतें. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीं २०२१ सालीं ट्रकचालकांचे तास ठरविण्याची आणि झोंप ओळखणारीं यंत्रें बसविण्याची गरज बोलून दाखविली होती. तें सारें व्हावयास पाहिजेच. पण यंत्र येईपर्यंत त्याच्या जागीं कोण? मला वाटतें, गाडी भाड्यानें घेणारा गृहस्थ.

नऊ वाजतां उठून तो मुलगा चहाला आला. चेहरा निराळाच दिसत होता. बोलतां बोलतां म्हणाला, "मी आधीं ट्रकावर होतों, आजी. डिझेल चोरतील म्हणून एक कान जागा ठेवून निजावें लागे. गाडी भाड्याची केली तेव्हां वाटलें, आतां निदान रात्रीं घरीं पडतां येईल." महामार्ग रुंद झाले, खानावळी झगमगूं लागल्या, मात्र चालकाला पाठ टेकावयास चार हात सुरक्षित जागा क्वचितच मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या अवजड ट्रकांत चालकाची खोली वातानुकूलित असावी असा नियम झाला आहे, ही चांगलीच गोष्ट. परंतु गारवा म्हणजे विश्रांति नव्हे. रस्ता सुधारला म्हणजे झोंपेचें भय कमी होतें असेंहि नाहीं. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनमध्यें पुरा झाला; त्याच्या ७०१ किलोमीटरांच्या सरळ, एकसुरी वाटेवर येणाऱ्या गुंगीसाठीं "महामार्ग संमोहन" हा शब्दच मराठी वृत्तपत्रांनीं रूढ केला.

आपल्या समाजाला मुक्कामाचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. रेल्वेनें गाडी हांकणाऱ्यांसाठीं मोठमोठ्या स्थानकांवर विश्रांतीच्या खोल्या ठेविल्या. आपल्या एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली. त्यानंतर खेड्यापाड्यांत जी "मुक्कामी गाडी" सुरू झाली, ती रात्रीं शेवटच्या गांवीं थांबे, चालक-वाहक तेथेंच निजत, गांवकरी त्यांची विचारपूस करीत, आणि झुंजूमुंजू होतांच तीच गाडी शाळा-बाजाराची माणसें घेऊन परते. तिच्या नांवांतच मुक्काम होता.

दहा वाजतां कळस सोडलें आणि बारामतीच्या रस्त्यास लागलों. हाच तुकोबांच्या पालखीचा मार्ग. ही पालखी १६८५ सालीं त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं सुरू केली असें मानतात. देहूहून निघाल्यावर लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे तिचे मुक्काम. काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण, बेलवाडीस घोड्यांचें. ज्यांच्या मनांत विठोबाच्या भेटीची एवढी ओढ, त्या लाखो माणसांनींहि आजचा पल्ला एवढाच, दुपारचा विसावा येथें आणि रात्र येथें, हें पिढ्यान् पिढ्या ठरवून ठेविलें आहे. उत्साह आहे म्हणून रात्रभर चाला, असें त्यांना कोणी म्हणत नाहीं. आणि मी त्याच विठोबाचें दर्शन दोन देवांच्या मध्यें घाईनें कोंबून आलों होतों.

बारामतीजवळ मीं त्या मुलाला विचारलें, "काल पंढरपुरांत तुला दर्शन झालें ना?" तो हंसला. "कुठलें, साहेब! गाडी लांब लावावी लागते. तिथूनच कळसाला हात जोडले." आम्ही आंत होतों तेव्हांचे ते अडीच तास त्याला निजावयास सांगावें, किंवा आमच्याबरोबर ये म्हणावें, यांपैकीं एकहि गोष्ट आम्हांला सुचली नव्हती. उलट, "आलों कीं लगेच निघायचें, गाडीपाशींच राहा," असें मीं बजावून गेलों होतों.

त्यानंतर आमच्या घरांत कांहीं नियम झाले आहेत, ते वाचकांपुढें ठेवितों. गाडी ठरवितांना भाड्याच्या आधीं, "काल कोठें होतास, किती निजलास?" हें विचारावयाचें. झोंप झालेली नसेल तर निघण्याची वेळ आपण पुढें ढकलावयाची, आणि त्यासाठीं त्याची मजुरी कापावयाची नाहीं. मजुरी जाणार असें दिसलें तर कोणताहि गरीब माणूस, "झोंप झाली," असेंच सांगेल. दर दोन-तीन तासांनीं आपणांस कंटाळा आला नसला तरी थांबावयाचें. त्याचे डोळे जड झालेले दिसले तर कांच उघडणें, गाणें मोठें लावणें असल्या युक्त्यांवर विसंबावयाचें नाहीं. चहा पाजून पंधरा-वीस मिनिटें त्याला निजूं द्यावें, कारण चहाचा गुण यावयासहि तेवढा वेळ लागतो. तेवढ्यानेंहि तात्पुरताच निभाव लागतो. पुरती झोंप हाच खरा उपाय. पुढच्या आसनावर जागें राहणारें एक माणूस बसवावयाचें. आणि मुक्कामाच्या गांवीं स्वतःच्या खोलीबरोबर त्याचीहि जागा पाहावयाची.

यांत खर्च आहे, हें मी नाकारीत नाहीं. त्या दिवशीं दुसऱ्या दिवसाचें भाडें आणि रात्रीचा भत्ता, दोन्ही मीं त्याच्या हातीं ठेविलीं; तो भत्ता तर आत्यांनीं निघण्यापूर्वींच माझ्याकडून कबूल करून घेतला होता. आम्ही दुपारीं पुण्यास सुखरूप पोंचलों. बंधूनें कोर्टाची चौकशी केली. त्याच्या खटल्याला पुढची तारीख पडली होती.

चैत्रांत कोल्हापुरास जावयाचें आहे. आराखडा यंदाहि मींच केला. कागदावर प्रथम रात्रीचा मुक्काम लिहिला. देवीच्या दर्शनाची वेळ त्यानंतर.